‘पेपर होईपर्यंत सांगू नका’

घरात कुणी गेले आणि त्याच सुमारास मुलाची किंवा मुलीची परीक्षा असली, की आपल्याकडे वडीलधारी माणसे हळू आवाजात सांगतात, ‘पेपर होईपर्यंत सांगू नका.’ मुंब्य्रात काय, डोंबिवलीत काय, वाक्य तेच. मुलगा वकिलीला असेल तर जरा जास्तच. काळा कोट त्याच्या एकट्याचा नसतो. त्यात अब्बांनी काढलेले कर्ज असते, धाकट्याने सोडलेली शाळा असते, आणि ‘आता आपल्या घरात वकील होणार’ ही साऱ्या गल्लीची आशाही असते.

असेच एक मौन १८९१ मध्ये मुंबईत सुटले. मोहनदास गांधी १० जूनला लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी जहाजात बसले. कधी एकदा आईला भेटतो असे त्यांना झाले होते. मुंबईच्या गोदीवर थोरले बंधू घ्यायला आले. आई पुतळीबाई केव्हाच गेल्या होत्या. परमुलखात धक्का नको म्हणून भावाने कळवलेच नव्हते. गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे, की वडिलांपेक्षाही आईच्या जाण्याचे दुःख मोठे होते, तरी अश्रू आवरले आणि जणू काही घडलेच नाही असे ते कामाला लागले.

कामाला लागणे भागच होते. बॅरिस्टर भाऊ खोऱ्याने पैसा ओढेल या भरवशावर थोरल्या भावाने घरखर्च वाढवून ठेवला होता. आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टातील पहिल्याच खटल्यात, उलटतपासणीला उभे राहिल्यावर गांधींचे डोके गरगरले. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली. हे दुःखामुळेच झाले असे म्हणता येणार नाही, स्वभावाने ते फार लाजाळू होते. पण आईसाठी धड रडायला त्यांना सवड मिळाली नाही, हे मात्र खरे. वकिलीची घडी पुढे बसली ती दक्षिण आफ्रिकेत. १८९३ मध्ये पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांच्या दादा अब्दुल्ला पेढीने १०५ पौंडांवर त्यांना तिकडे बोलावले होते.

रमजानमध्ये हा विषय टोचतो, कारण सहरीला उठवणारा आवाज ज्या घरातून गेला, तिथे पहाटेची शांतता अंगावर येते. तिन्हीसांजेला इफ्तारच्या दस्तरखानावर एक जागा रिकामी दिसते. हजरत खदीजा यांचे निधन परंपरेने १० रमजानचे मानले जाते. त्याच सुमारास पैगंबरांचे चुलते अबू तालिबही गेले. मुस्लिम इतिहासात त्या अख्ख्या वर्षालाच ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष, असे नाव पडले. तान्हा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबर सर्वांसमोर रडले होते. ‘मर्द रडत नाही’ हे आपण कुठून आणले, कोण जाणे.

माझे मत विचाराल तर बातमी लपवू नये. पेपर पुन्हा देता येतो, जनाजा किंवा अंत्ययात्रा पुन्हा निघत नाही.

आता व्यवहाराचे. घरी तीन दिवस असोत की तेरा, कॉलेजच्या हजेरीपटाला ते कळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी मागितली आहे; अपवादात्मक कारण असेल आणि सर्व विषयांची मिळून ७० टक्के भरत असेल, तर एखाद्या विषयात ६५ टक्क्यांवरही प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात. म्हणून मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज लगेच द्यावा, सत्र संपताना नव्हे. तो अर्ज मुलाला लिहायला लावू नका. काकाने, मामाने, शेजाऱ्याने लिहून द्यावा, त्याने फक्त सही करावी. ज्या वकिलांकडे तो उमेदवारी करतो, त्यांनाही घरातल्या मोठ्यानेच फोन करावा. आणि महिने उलटूनही झोप येत नसेल, पुस्तक उघडवत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे. सहरीच्या वेळीसुद्धा फोन लागतो.