मदरबोर्डवरील स्लॉट : दिसणारे आणि उपयोगी पडणारे

शाळा, पंचायत समिती किंवा एखाद्या कार्यालयासाठी संगणक घ्यावयाचा झाला म्हणजे प्रोसेसर कोणता, मेमरी किती आणि किंमत काय, एवढीच चौकशी बहुधा होते. हे सर्व भाग ज्यावर बसविलेले असतात त्या मदरबोर्डकडे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक मेमरी पुढे वाढविता येते, हार्ड डिस्क बदलता येते. परंतु मदरबोर्डवर नसलेला स्लॉट मागाहून बसविता येत नाही. तो हवाच असेल तर बोर्डच बदलावा लागतो, आणि नव्या बोर्डवर जुना प्रोसेसर व जुनी मेमरी बसेलच असे नाही. कित्येक तयार संगणकांत बोर्डचा आकार आणि वीजजोडणी उत्पादकाने स्वतःपुरती ठरविलेली असल्यामुळे बाजारातील दुसरा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसतही नाही.

स्लॉट म्हणजे मदरबोर्डवरील लांबट खाच. तीत जादा कार्ड बसवून संगणकाला नवे काम शिकविता येते : दुसरे नेटवर्क पोर्ट, वजनकाट्यासारख्या यंत्रासाठी सिरियल पोर्ट, ग्राफिक्स कार्ड किंवा अधिक डिस्क जोडण्याची सोय.

असे किती स्लॉट असावेत, याचा अंदाज मोठमोठ्या उत्पादकांनाही प्रथम आला नव्हता. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये पाच स्लॉट होते. पडद्यासाठी एक कार्ड आणि फ्लॉपीसाठी एक कार्ड बसताच दोन संपत. मूळ बोर्डवर फार तर ६४ किलोबाइट मेमरी बसत असल्याने ती वाढविण्यासाठी तिसरे कार्ड लागे, आणि मोडेम जोडावयाचा तर सिरियल पोर्टसाठी चौथे. १९८३ च्या एक्सटी संगणकात आयबीएमने स्लॉटमधील अंतर कमी करून त्यांची संख्या आठ केली. ॲपलच्या १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये तर एकही स्लॉट नव्हता. १९८७ च्या मॅकिंटॉश टूमध्ये मात्र सहा देण्यात आले.

आजचे स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस या पद्धतीचे असतात. त्यांतून माहिती ‘लेन’ नावाच्या मार्गिकांवरून वाहते, आणि खाच एक, चार, आठ किंवा सोळा लेनच्या लांबीची असते. तथापि खाचेच्या लांबीवरून तिची क्षमता ठरत नाही. सोळा लेनच्या लांबीची खाच प्रत्यक्षात केवळ चार लेननी जोडलेली असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. याचे कारण असे की, प्रोसेसर व चिपसेट यांच्याकडे लेन मोजक्याच असतात. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २८ लेन आहेत. त्यांपैकी चार चिपसेटकडे जातात. त्यामुळे उत्पादक एकाच लेनवर दोन जोडण्या ठेवतात. एम.२ जागी डिस्क बसविली की एखादा स्लॉट किंवा साटा पोर्ट बंद पडतो, अशी सूचना अनेक बोर्डांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेली असते. ती खरेदीपूर्वी वाचावी. नंतर वाचून उपयोग नाही.

दुसरी अडचण निव्वळ जागेची. ग्राफिक्स कार्ड पुष्कळदा दोन स्लॉटइतके जाड असते आणि शेजारची खाच झाकून टाकते. एटीएक्स आकाराच्या बोर्डवर सात, मायक्रो-एटीएक्सवर चार आणि मिनी-आयटीएक्सवर एक स्लॉट बसू शकतो. ही कमाल मर्यादा होय, हमी नव्हे. अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही, तेथे कमी उंचीचेच घ्यावे लागते.

प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या चाचणी यंत्रांची कार्डे पूर्वीच्या पीसीआय पद्धतीची असतात. नावात साम्य असले तरी ती पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसत नाहीत, आणि आजच्या बहुतेक बोर्डांवर जुनी खाच नसते. काही हजारांच्या संगणकापायी लाखांचे यंत्र निकामी ठरावे, हा व्यवहार परवडणारा नाही. अशा ठिकाणी जुनी खाच असलेला औद्योगिक बोर्ड शोधणे आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालतो की नाही हे तपासणे आवश्यक ठरते.

याचा अर्थ सर्वांनीच मोठे बोर्ड घ्यावेत असा नाही. ध्वनी व नेटवर्क यांची सोय आता बोर्डवरच असते आणि प्रिंटर, स्कॅनर यूएसबीवर चालतात. लिपिकाच्या टेबलावरील संगणकाला बहुधा एकही कार्ड लागत नाही. एक रिकामा स्लॉट पुरे. एक गिगाबिट वेगाच्या नेटवर्क कार्डाला सेकंदाला १२५ मेगाबाइटची वाट लागते, तर तिसऱ्या पिढीच्या एका लेनवरून त्याच्या सातपटीहून अधिक माहिती जाते. अशा कार्डाला सर्वांत लहान खाचही चालते. मात्र संगणककक्षातील जो संगणक सर्व्हर म्हणून वापरावयाचा, त्याच्यासाठी आज लागणारी कार्डे मोजून वर दोन स्लॉट मोकळे ठेवणे इष्ट होय.

खरेदीच्या मागणीपत्रात ‘पुरेसे स्लॉट असावेत’ असे मोघम लिहिण्याची पद्धत सोडावी. ग्राफिक्स कार्ड व एम.२ डिस्क बसविल्यानंतर किमान किती स्लॉट वापरण्याजोगे राहिले पाहिजेत, प्रत्येक स्लॉट प्रत्यक्षात किती लेनचा हवा आणि कार्डाची उंची किती, हे तीन तपशील आकड्यांत लिहावेत. माल ताब्यात घेताना प्रत्येक प्रकारचा एक संगणक पुरवठादाराकडूनच उघडून घेऊन, रिकाम्या खाचा पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहाव्यात आणि मगच पोच द्यावी.