चाकांवरचं घर – लेखांक ७ : सकाळचं भाडं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डिसेंबरात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि त्या उजेडाला माणूस फसतो. अजून वेळ आहे, अजून एक वळण घेऊ, असं करता करता मुक्कामाची जागा बघायची राहूनच जाते. आमचंही तेच झालं. पुकाकी तळ्याच्या कडेकडेने महामार्ग क्रमांक ८० आओराकी पर्वताच्या पायथ्याकडे जातो. तळ्याचं पाणी दुधात नीळ कालवल्यासारखं दिसतं, कारण हिमनदीने दगड दळून केलेलं पीठ त्यात तरंगत असतं. काठाला एक सपाट, खडीची, रिकामी जागा दिसली.

“इथेच थांबू या की. सरकारी जागा दिसतेय, कुणाचं काय जातंय?” मी म्हटलं.

गाडी मावसभाऊ चालवत होता. क्राइस्टचर्चला राहून त्याला वीस वर्षं झाली. त्याने वेग जरासुद्धा कमी केला नाही. “दादा, इथे रात्री गाडी लावायची म्हणजे आधी संडासाची चौकशी. जागा कुणाची, हा प्रश्न नंतरचा.”

गेल्या लेखांकात आपण मोटारहोम भाड्याने घेऊन रस्त्याला लागलो होतो. आता ते रात्री उभं कुठे करायचं, आणि जागा जर सगळ्यांची आहे तर पैसे का मोजायचे, हे पाहू. युरोपात, अमेरिकेत याची वेगवेगळी उत्तरं आहेत. मी न्यूझीलंड निवडलं, कारण तिथे हा वाद संसदेत गेला, उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी प्लंबरांच्या दारात येऊन थांबला.

सुरुवात २०११ पासून करावी लागेल. त्या वर्षी रग्बी विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. हजारो प्रेक्षक व्हॅन घेऊन देशभर फिरणार, हॉटेलांत एवढी जागा नाही, मग हे लोक रात्री कुठे पसरणार, अशी धास्ती होती. स्पर्धा तोंडावर असताना ‘फ्रीडम कॅम्पिंग’चा कायदा झाला. मोटार जिथवर पोचते तिथून २०० मीटरच्या आत, अधिकृत तळ सोडून कुठेही रात्र काढली, तर ते फ्रीडम कॅम्पिंग. गंमत अशी, की हा कायदा मुळात बंदी घालणारा नाही. स्थानिक परिषदेच्या ताब्यातल्या जमिनीवर मुक्काम करता येतो, हे त्यात आधी गृहीत धरलं आहे. परिषदेला नको असेल तर तिने उपविधी करून तसं जाहीर करायचं, आणि त्यासाठी तीनच कारणं चालतात: त्या जागेचं रक्षण, लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता, आणि त्या जागेपर्यंतची वाट मोकळी राहणं.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात तळ्याकाठी चाळीस गाड्या उभ्या राहतात आणि सकाळी सात वाजता चाळीस गाड्यांतली माणसं एकाच वेळी उठतात. पुढचं सांगायला नको. दक्षिण बेटावरचे काही तालुके, आपल्याकडच्या मोजमापाने म्हणायचं तर, एखाद्या मोठ्या गावाएवढ्या वस्तीचे आहेत. संडास बांधायचा, कचरा उचलायचा, पहारेकरी ठेवायचा, तर पैसा त्या मूठभर घरांच्या पट्टीतून जाणार. पाहुणा मात्र फोटो काढून पुढे गेलेला. ‘फुकट’ मुक्कामाचं बिल असं भलत्याच घरी पोचत होतं, आणि ज्यांच्या घरी पोचत होतं ते चिडले तर त्यात नवल नाही. २०१७ मध्ये वेलिंग्टनच्या सरकारने परिषदांसाठी पर्यटन सुविधा निधी काढला. त्यातून संडास झाले, पण चीड गेली नाही.

२०२३ मध्ये कायदा बदलला, तो असा: परिषदेच्या जागेवर गाडीतून रात्र काढायची असेल तर गाडी ‘स्वयंपूर्ण’ हवी, परिषदेने एखादी जागा साध्या गाड्यांसाठी मुद्दाम मोकळी ठेवली असेल तेवढा अपवाद. स्वयंपूर्ण म्हणजे तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर काहीही न सांडता राहता येईल अशी. पूर्वी सीटखाली सरकवलेला, एकदाही न वापरलेला सुटा प्लास्टिकचा डबा दाखवला तरी चालत असे. आता संडास गाडीला पक्का बसवलेला हवा. शिवाय एक अट वाचून मी मोठ्याने हसलो होतो: झोपायचा बिछाना पूर्ण अंथरलेला असतानाही तो संडास वापरता आला पाहिजे. नियम लिहिणाऱ्याने एक तरी पावसाळी रात्र व्हॅनमध्ये काढलेली असणार.

या गाड्यांची राष्ट्रीय नोंदवही कुणाकडे? पर्यटन खात्याकडे नाही, पोलिसांकडे नाही. प्लंबर, गॅसफिटर आणि ड्रेनलेअर यांना परवाने देणाऱ्या मंडळाकडे. तपासणी झाली की गाडीला हिरवं वॉरंट मिळतं, ते चार वर्षं चालतं. तळ्याकाठी कुणी झोपावं हे त्या देशात नळजोडणीवाल्यांच्या दप्तरात ठरतं, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. पूर्वी २०० डॉलर भरून सुटका होत असे; आता दंड ८०० डॉलरपर्यंत जातो. बेघर होऊन गाडीत झोपणाऱ्या माणसाला मात्र याच दुरुस्तीने दंडातून वगळलं. मौजेने गाडीत झोपणारा आणि नाइलाजाने झोपणारा यांत कायद्याने फरक केला, याची नोंद घ्यायला हवी.

आता पैशाकडे येऊ. देशाच्या जमिनीपैकी सुमारे एकतृतीयांश जमीन संवर्धन खातं सांभाळतं. १९८७ मध्ये स्थापन झालेलं हे खातं तिथे ‘डॉक’ या लघुरूपानेच ओळखलं जातं. गाडी नेता येईल असे त्यांचे २०० हून अधिक तळ आहेत. सर्वांत साधे तळ फुकट, सोयी वाढतील तसं शुल्क. बहुतेक ठिकाणी आकारणी माणशी असते, गाडीमागे नव्हे. विचार केला तर यात पूर्ण तर्क आहे. गाडी काही घाण करत नाही.

त्या रात्री आम्ही अशाच एका लहान तळावर गेलो. तिथे ना फाटक, ना चौकीदार. लाकडी छपराखाली पाटी, खाली लोखंडी पेटी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पाकिटावर तारीख, गाडीचा नंबर, माणसं किती, रात्री किती, हे लिहायचं. नोटा आत घालायच्या, पाकीट पेटीत टाकायचं आणि फाडलेली चिठ्ठी काचेमागे लावायची. वहिनींनी पाकीट भरलं. “चौघांचे पैसे भरलेत हो, तिघांचे नाही,” त्यांनी माझ्याकडे बघत उगाचच सांगितलं. सहा वाजता खात्याचा हिरवा कोट घातलेली बाई आली, चिठ्ठ्यांवर नजर टाकली, संडासात कागदाची गुंडाळी ठेवली, नळ तपासला आणि गेली. आम्ही भरलेले पैसे कशाचे, ते तेव्हा समोर दिसलं. रात्रीच्या चांदण्यांचे नव्हेत, सकाळचे.

सकाळची दुसरी बाजू गाडीच्या मागे असते. पक्क्या संडासाखाली साधारण वीस लिटरची पेटी असते, बाहेरच्या झडपेतून ती ओढून काढतात. भरली की जड होते, आणि नेताना माणूस आपसूक गप्प होतो. ती फक्त ‘डंप स्टेशन’वर रिकामी करायची. तळावरच्या संडासात का नाही? कारण पेटीत टाकलेलं रसायन वास मारतं तसंच सेप्टिक टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतं, आणि मग ती टाकी कुजवायचं कामच सोडून देते. मावसभावाने हातमोजे चढवले, नळी उलटी केली, दोनदा विसळलं आणि झाकण लावलं. तीन मिनिटांचं काम. “एवढ्यासाठी संसद,” तो म्हणाला. यामागे आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या, रीतीप्रमाणे मैला आणि पाणी यांची गाठ पडता कामा नये. तळं हे अन्नाचं ठिकाण आहे. आओराकी तर नाय ताहू या माओरी जमातीचा पूर्वज. सरकार आणि नाय ताहू यांच्यातल्या १९९८ च्या तडजोडीच्या कायद्याने त्या पर्वताला त्याचं मूळ नाव अधिकृतपणे परत मिळालं. अशा पर्वताच्या पायथ्याच्या पाण्यात कुणी पेटी रिकामी केली, तर तो नुसता अस्वच्छतेचा मामला राहत नाही.

शुल्काच्या बाजूने बोलणारे सगळेच साधे नसतात, हेही सांगून टाकतो. खासगी तळांच्या मालकांना शेजारी फुकट जागा नकोच असते, आणि त्यांचा आवाज परिषदेत पोचतो. क्वीन्सटाउन-लेक्स परिषदेने २०२१ मध्ये कडक उपविधी केला. त्याविरुद्ध मोटारहोमवाल्यांची जुनी संघटना न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो उपविधी रद्द ठरवला. कायद्यात न बसणारी कारणं परिषदेने विचारात घेतली होती. स्थानिक व्यवसाय सांभाळणं हे वर सांगितलेल्या तीन कारणांत कुठेच नाही. मला हा निकाल पटतो. शुल्क सफाईसाठी असेल तर ते जरूर घ्यावं. कुणाचं गिऱ्हाईक राखण्यासाठी सार्वजनिक जमिनीला कुलूप लावू नये.

पाहुण्यांची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. भारतातून जाणाऱ्याला व्हिसाबरोबर परदेशी पर्यटक कर भरावा लागतो. तो २०१९ मध्ये ३५ डॉलर होता, ऑक्टोबर २०२४ पासून १०० झाला. विमानतळावर उतरायच्या आधीच शंभर दिले, मग तळावर पुन्हा का? उत्तर असं, की तो पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो आणि संडासाची गुंडाळी तळ्याकाठी संपते. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने आओराकीसह चार प्रसिद्ध ठिकाणी परदेशी पाहुण्यांकडून वेगळं प्रवेशशुल्क घ्यायचं ठरवल्याचं जाहीर केलं. तेव्हा हिशेब अजून मिटलेला नाही.

स्कॉटलंडबद्दल दोनच वाक्यं, कारण तिथला प्रकार उलटा आहे. २००३ च्या कायद्याने तिथे पायी भटकणाऱ्याला रानात तंबू ठोकायचा हक्क आहे, पण तो हक्क मोटारीला लागू नाही. म्हणून उत्तर किनाऱ्याच्या प्रसिद्ध रस्त्यावर गर्दी उसळली तेव्हा वन विभागाने आपल्या काही वाहनतळांवर स्वयंपूर्ण गाड्यांना रात्रीपुरती परवानगी द्यायची योजना आणली.

आणि आपण? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय आहे. शुल्क आणि रोजची मर्यादा एकत्र लावायचा अनुभवही आपल्याला कास पठाराने दिलेला आहे. पण धरणाच्या काठी शनिवारी रात्री गाड्या लावणाऱ्यांना विचारा, सकाळी कुठे जाता? उत्तर कुणी देत नाही, आणि काठावरून चालताना ते विचारायची गरजही राहत नाही. आपल्याकडे जागा आहे, धोरण आहे. पेटी रिकामी करायचं ठिकाण मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाणी, गॅस आणि बॅटरी. तोवर, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कुणी न्यूझीलंडला व्हॅन घेणार असेल, तर ताब्यात घेताना टायर आणि आरसे पाहण्याआधी बिछाना पूर्ण उघडून बघा आणि संडासाचं झाकण उघडतं का ते पाहा. मग हिरव्या वॉरंटवर माणसांचा आकडा वाचा. दोघांचं वॉरंट असलेल्या गाडीत तिसरा झोपला, तर त्या रात्री ती गाडी स्वयंपूर्ण धरली जात नाही.