ज्या वस्त्यांत एकाही तरुणाने जीव दिला नाही

कॅनडाच्या सरकारी आकडेवारीनुसार २०११ ते २०१६ या काळात फर्स्ट नेशन्स या आदिवासी समाजात आत्महत्यांचं प्रमाण बिगर-आदिवासींच्या तिप्पट होतं आणि इन्यूइट या उत्तरेकडच्या आदिवासी समाजात नऊपट. हे वाचून ‘या लोकांचं असंच’ म्हणायचा मोह होतो. तो समज मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी खोडून काढला. ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे २०० आदिवासी समूहांची त्यांनी पाहणी केली. त्यातल्या निम्म्याहून अधिक समूहांत पाहणीच्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती!

१९९८ मध्ये त्यांनी मांडलं की जिथे शाळा, दवाखाना, पोलीस, जमिनीचा दावा आणि कारभार समूहाने आपल्या हाती घेतला होता, तिथे तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण कमी दिसतं. पुढे त्यात आणखी एक खूण आली. समूहाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेत बायकांचं बहुमत असेल, तर तिथेही आत्महत्या कमी. यावरून एकामुळेच दुसरं घडलं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण मला ही खूण फार मोलाची वाटते.

कारण याच बायकांच्या हातून सगळं काढून घेतलं होतं. कॅनडाच्या १८७६च्या इंडियन ॲक्टनुसार बिगर-आदिवासी पुरुषाशी लग्न केलेल्या बाईचा आदिवासी दर्जा जाई. नवरा वारला, संसार मोडला, तरी माहेरच्या राखीव वस्तीत हक्काने परतता येत नसे. पुरुषाने बाहेरची बायको केली तर उलट तिलाच दर्जा मिळे. हे १९८५ पर्यंत चाललं. वस्तीच्या परिषदेसाठी मत द्यायचा हक्क बायकांना मिळाला तोही १९५१ मध्ये.

बाळंतपणाचंही तेच. उत्तरेकडच्या बाईला दिवस भरत आले की विमानाने दूरच्या शहरात पाठवायचं. परकी भाषा, परकं जेवण, थोरली मुलं मागे घरी, आणि कळा सुरू होईपर्यंत आठवडेच्या आठवडे एकटीने वाट बघणं. क्युबेकच्या उत्तर भागात पुविर्निटुक इथल्या इन्यूइट बायकांनी हे नाकारलं. १९८६ मध्ये तिथे प्रसूतिगृह उघडलं आणि गावातल्याच बायका सुईणीचं शिक्षण घेऊ लागल्या.

समुपदेशक हवेतच, आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारं माणूसही हवं. (आपल्याकडे जगणं नकोसं वाटत असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.) पण आदिवासी बाईच्या मनाच्या आरोग्यासाठी पैसा ठेवताना त्याच यादीत सुईणीचा पगार आणि परिषदेतली तिची जागाही धरायला हवी.