तुकडी, तास आणि उमेदवारी

उत्तर फिलाडेल्फियातलं थॉमस एडिसन हायस्कूल ही साठच्या दशकात गरीब वस्तीतल्या मुलांची शाळा होती. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेतल्या इतर कुठल्याही हायस्कूलपेक्षा जास्त माजी विद्यार्थी या एका शाळेने गमावले. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलाला त्या भागात फार वाटा नव्हत्या. एक वाट सैन्यभरतीची होती. याच शाळेत १९६९ मध्ये ‘इलेक्ट्रिकल अकादमी’ सुरू झाली. पुढाकार शहरातल्या ‘अर्बन कोअॅलिशन’ या नागरी संघटनेचा होता आणि तिची सूत्रं चार्ल्स बाउझर या कृष्णवर्णीय वकिलाकडे होती. पाठीशी उभी राहिली फिलाडेल्फिया इलेक्ट्रिक कंपनी. गळती थांबवायची आणि मुलांच्या हाताला काम मिळवून द्यायचं, एवढाच तेव्हा उद्देश होता. अमेरिकेत आज हजारो शाळांत चालणाऱ्या ‘करिअर अकादमी’ची ही सुरुवात.

अमेरिकेत मुलं असलेल्या मराठी घरांतून ‘अकादमी’ हा शब्द सर्रास कानावर येतो, पण तो बहुधा वेगळ्या अर्थाने. न्यू जर्सीतली बर्गन काउंटी अकादमीज किंवा एडिसन गावातली मिडलसेक्स काउंटी अकादमी ही निवडक मुलांची स्वतंत्र हायस्कुलं आहेत. त्यांच्या प्रवेशासाठी मुलं आठवीपासून कंबर कसतात. करिअर अकादमी तशी नाही. ती साध्या सरकारी हायस्कूलच्या पोटात असते, त्याच इमारतीत, त्याच मुख्याध्यापकांच्या हाताखाली. तिला हुशार मुलं वेचून घ्यायची नसतात. कॅलिफोर्नियात राज्य सरकारचं अनुदान हवं असेल तर निम्मी मुलं अशी घ्यावी लागतात, ज्यांची हजेरी, गुण किंवा घरची परिस्थिती पाहता ती शाळा सोडतील अशी भीती असते.

अशी संस्था का लागली, हे कळण्यासाठी आधीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने शाळांतल्या व्यवसायशिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली. त्यातून कार्यशाळा उभ्या राहिल्या, आणि त्याबरोबर मुलांची दोन गटांत वाटणीही झाली. कॉलेजला जाणारे एकीकडे, हाताने काम करणारे दुसरीकडे. कोण कुठल्या गटात जाणार हे पुष्कळदा बापाच्या उत्पन्नावर आणि कातडीच्या रंगावर ठरत असे. दुसऱ्या गटातल्या मुलाला गणित कमी, इंग्रजी कमी आणि लेथ जास्त. तो लेथ कालबाह्य झाला की मुलाच्या हाती काहीच उरत नसे. अकादमीने ही वाटणीच नाकारली. इथल्या मुलाने कॉलेजप्रवेशाला लागणारं गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास सगळं शिकायचं, आणि त्याच्या जोडीला एका कार्यक्षेत्राचा विषय घ्यायचा. ते क्षेत्र आरोग्यसेवा असेल, वित्त, माहिती तंत्रज्ञान, ऊर्जा किंवा शेतीही असेल. बारावीनंतर कॉलेजला जायचं की कामाला लागायचं, हे मुलाने स्वतः ठरवायचं.

हे मॉडेल फिलाडेल्फियातून कॅलिफोर्नियात गेलं. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मेन्लो-ॲथर्टन आणि सिक्वोया या दोन हायस्कुलांत संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या अकादमी सुरू झाल्या. सिलिकॉन व्हॅली हाकेच्या अंतरावर होती. तिथला अनुभव पाहून १९८४ मध्ये राज्याने कायदाच केला आणि ‘कॅलिफोर्निया पार्टनरशिप अकादमी’ना अनुदान सुरू झालं. अट अशी की सरकार जेवढं देईल तेवढंच शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने आणि तेवढंच स्थानिक उद्योगांनी घालायचं. उद्योगांचा वाटा रोख पैशातच हवा असं नाही. इंजिनिअरने वर्गात दिलेला वेळ किंवा उन्हाळी कामाची जागाही त्यात मोजतात. शिवाय पैसे पटावरच्या आकड्यावर मिळत नाहीत. मुलाची किमान ८० टक्के हजेरी भरली आणि वर्षाच्या क्रेडिटपैकी ९० टक्के त्याने मिळवली, तरच तो अनुदानात धरला जातो. मुलाला नुसतं दाखल करून भागत नाही, टिकवावं लागतं. सरकारी अनुदानाची इतकी शहाणी अट माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तिकडे पूर्व किनाऱ्यावर १९८२ मध्ये सँडी वाइल या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या अधिकाऱ्याने ब्रुकलिनच्या जॉन ड्युई हायस्कूलमध्ये वित्त अकादमी सुरू करून दिली. पुढे तिचं देशभर जाळं झालं.

अकादमी चालते कशी, याचं उत्तर वेळापत्रकात आहे. माझ्या मते तिचा सगळा जीव तिथेच आहे. आपल्याकडे आठवी ‘ब’ची मुलं वर्षभर एका खोलीत बसतात आणि शिक्षक बदलत राहतात. अमेरिकन हायस्कूलमध्ये उलटं आहे. शिक्षक आपल्या खोलीत थांबतो आणि घंटा झाली की मुलं हलतात. प्रत्येक मुलाने विषय स्वतः निवडलेले असल्यामुळे पहिल्या तासाला शेजारी बसलेला मित्र दुसऱ्या तासाला भलत्याच वर्गात असतो. एका शिक्षकासमोर दिवसाला दीडशे मुलं येऊन जातात. त्यात एखादा मुलगा आठवडाभर आला नाही तर गणिताच्या बाईंना ते कळतं, इंग्रजीच्या सरांनाही कळतं, पण दोघांची त्यावर बोलायची वेळ येत नाही. मुलगा शाळेतून निसटतो तो असा, कुणाच्याही नजरेत न येता.

अकादमी या मुलांची तुकडी बांधते. दहावी ते बारावी अशी तीन वर्षं, काही ठिकाणी नववीपासून चार वर्षं, तीच मुलं आणि जवळजवळ तेच शिक्षक. दिवसातले तीन मूळ विषय आणि एक कार्यक्षेत्राचा विषय ही मुलं एकत्र घेतात. बाकीचे तास, खेळ, बँड, परकी भाषा, ती इतर मुलांबरोबर घालवतात. हे कागदावर सोपं दिसतं. करायला बसलं की वेळापत्रक आखणाऱ्या उपमुख्याध्यापकाला घाम फुटतो. शाळेत कॅल्क्युलसचा वर्ग एकच असतो आणि तो नेमका अकादमीच्या इंग्रजीच्या तासाला येतो. बँडची तालीम रसायनशास्त्रावर आदळते. मग एका मुलाला सूट दिली जाते, दुसऱ्याला दिली जाते, रिकाम्या जागा भरायला बाहेरची मुलं त्या वर्गात घातली जातात, आणि दोन वर्षांत अकादमीच्या वर्गात अकादमीची मुलं अर्धीच उरतात. पाटी तीच राहते, पण अकादमी संपलेली असते. म्हणून जाणती शाळा वसंतातच, इतर कुणाचेही तास बसवण्याआधी, अकादमीचे तास हाताने वेळापत्रकात घालते आणि संगणकाला उरलेलं भरायला देते.

वेळापत्रकातली दुसरी गोष्ट मुलांना दिसतही नाही, ती म्हणजे शिक्षकांचा सामाईक मोकळा तास. अकादमीच्या चार-पाच शिक्षकांना रोज किंवा निदान आठवड्यातून काही वेळा एकाच वेळी सुट्टीचा तास मिळाला पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. या तासाला शिक्षक एका टेबलाभोवती बसतात आणि यादी काढून मुलांविषयी बोलतात. एक मुलगी पहिल्या तासाला रोज उशिरा येते. इंग्रजीच्या बाईंना वाटतं ती आळशी आहे. जीवशास्त्राच्या सरांना माहीत असतं की सकाळी धाकट्या भावाला ती शाळेत सोडते. पाच मिनिटांत तोडगा निघतो आणि एक जण घरी फोन करायचं अंगावर घेतो. त्याच तासात पुढच्या महिन्याचा प्रकल्प ठरतो. आरोग्य अकादमी असेल तर इतिहासात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जीवशास्त्रात विषाणू, गणितात रुग्णवाढीचे आलेख आणि इंग्रजीत सामान्य माणसाला समजेल असं आरोग्यपत्रक. हा तास खर्चिक असतो. शिक्षकांच्या पगारातलाच वेळ तो, म्हणून बजेट आटलं की कात्री पहिल्यांदा इथेच लागते. अकादमीच्या प्रमुख शिक्षकालाही एक तास सूट द्यावी लागते, कारण कंपन्यांना फोन, पालकांच्या सभा आणि अनुदानाचे कागद हे सगळं त्याच्याच गळ्यात असतं.

वर्षागणिक बाकीचा क्रम साधारण ठरलेला आहे. नववीच्या अखेरीस माहिती देणं, अर्ज, मुलाशी आणि पालकांशी बोलणं. दहावीत कामाच्या जागा पाहणं आणि बाहेरच्या माणसांची व्याख्यानं. अकरावीत प्रत्येक मुलाला त्या क्षेत्रातला एक मार्गदर्शक. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात उमेदवारी, शक्यतो पगारी. बारावीत कॉलेजचे अर्ज आणि एक मोठा प्रकल्प. यातली उमेदवारी सगळ्यांत अवघड. रुग्णालयात मुलाला पाठवायचं तर आधी लसीकरणाचे दाखले आणि क्षयाची चाचणी लागते. रुग्णाची माहिती बाहेर बोलायची नाही याचं प्रशिक्षण लागतं, पालकांची संमती, विमा, बसचं भाडं. या प्रत्येक अडचणीवर कुणीतरी मोठ्या माणसाने आधी बसून विचार केलेला असावा लागतो. सोळा वर्षांचं मूल पहिल्यांदा खऱ्या कामाच्या जागी, अनोळखी मोठ्या माणसांमध्ये उभं राहतं. काय बोलायचं, चूक झाली तर कुणाला सांगायचं, हे त्याला तिथेच कळतं. वर्गात ते शिकवता येत नाही.

हे सगळं करून फळ काय? शिक्षणातल्या बहुतेक प्रयोगांना या प्रश्नाचं पक्कं उत्तर देता येत नाही, अकादमीला देता येतं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये नऊ हायस्कुलांतल्या अकादमी अभ्यासाला घेतल्या. तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश ठरले. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं बाकी सर्व बाबतींत सारखीच, त्यामुळे पुढे जो फरक पडेल तो अकादमीचा. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती. हायस्कूल संपण्याच्या वेळेनंतरही आठ वर्षं त्यांचा माग ठेवला आणि जेम्स केम्पल यांचा अहवाल २००८ मध्ये आला.

परीक्षेच्या गुणांत काही फरक नव्हता. हायस्कूल पूर्ण करण्यात आणि पुढच्या पदवीतही दोन्ही गट बरोबरीचे निघाले. इथे थांबलं असतं तर अकादमी बंद करा असंच कुणीही म्हटलं असतं. पण कमाईत फरक होता. अकादमीची मुलं वर्षाला सरासरी २,०८८ डॉलर, म्हणजे ११ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या मुलग्यांचा हिशेब केला तर हा फरक १७ टक्के, वर्षाला ३,७३१ डॉलर. शाळा सोडून आठ वर्षं झाली तरी तो टिकून होता. शिवाय अकादमीतून गेलेले तरुण आपल्या मुलाबाळांसह आणि जोडीदारासह एका घरात राहत असण्याचं प्रमाणही जास्त होतं. मुलींच्या कमाईत मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि ही उणीव झाकून ठेवण्यासारखी नाही.

याच अभ्यासाच्या २००० सालच्या टप्प्यातली एक गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. गळतीचा धोका सर्वांत जास्त असलेल्या मुलांमध्ये अकादमीने गळती ३२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणली. पण ज्या अकादमींत शिक्षकांचा आणि सोबत्यांचा आधार वाढला नव्हता, तिथे काही मुलांची गळती उलट वाढली. यंत्रं होती, अभ्यासक्रम होता, पाटी होती. मुलाकडे लक्ष देणारं माणूस नव्हतं, म्हणून ते सगळं असूनही मूल गेलं.

आता आपल्याकडे पाहू. कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभवाचा आग्रह धरला. बहुतेक शाळांत त्याचा शिवणाचा आणि पुठ्ठ्याचा तास झाला. अकरावी-बारावीला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, आणि गुण कमी पडलेल्यांनी तिकडे जायचं असा समज त्यांना चिकटला. १९१७ नंतर अमेरिकेत झालेली तीच दोन गटांची वाटणी. याला खरा छेद दिला तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची सर्व मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, रक्तगटाची तपासणी. शिकवायला गावातलेच कसबी निदेशक असतात आणि मुलं गावाची खरी कामं करून देतात. हुशार आणि ढ अशी वाटणी तिथे होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे जाण्याची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण दहा दिवस म्हणजे ओळख झाली न झाली एवढंच.

अमेरिकेला तुकडी बांधण्यासाठी वेळापत्रक उलटंपालटं करावं लागलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेला तुकडी आयतीच मिळालेली आहे. तीच मुलं, तीच खोली, एक वर्गशिक्षक. आपल्याकडे नाही तो शिक्षकांचा सामाईक तास, आणि तालुक्यातला कारखाना, दवाखाना, गॅरेज, दूध संघ यांच्याशी तीन वर्षं टिकणारा करार. पहिल्यासाठी आपल्याला जादा पैसा लागत नाही, असलेलेच मोकळे तास एकाच वेळी आणायचे. येत्या जूनचं वेळापत्रक मे महिन्यात आखलं जातं. तुम्ही मुख्याध्यापक असाल, किंवा शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसत असाल, तर नववीच्या एका तुकडीला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांचा आठवड्यातला एक मोकळा तास एकाच वेळी येईल एवढी तजवीज करा. त्या तासाला मुलांची नावं घेऊन बोला, आणि गावातल्या कुठल्या दारात कोणाला उमेदवारीला पाठवता येईल याची यादी त्याच टेबलावर करायला घ्या.