जिभेखालची गोळी

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की वाटेत राजूर लागते. टेकडीवरच्या गणपतीमुळे अवघा मराठवाडा या गावाला ओळखतो. अंगारकीला तर तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. नव्वदच्या दशकात मी तीन वर्षे या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आसपासच्या खेड्यांतले निवृत्त फौजी पेन्शनसाठी येत. त्यांतल्या एका सुभेदारांशी माझे विशेष जमले. कडक इस्त्री, पांढऱ्या मिशा आणि पासबुक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले.

1995च्या पावसाळ्यानंतर मला हिवताप झाला. आरोग्य खात्याचा माणूस घरी आला, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतले, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहिली आणि पुढे कागदाच्या पुडीतून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मीही पुडी उशीखाली सारून मोकळा झालो. भेटायला आलेल्या सुभेदारांच्या नजरेतून ती सुटली नाही.

"साहेब, या किती राहिल्या?"

"ताप गेला ना आता."

ते खुर्चीत बसले. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हेच मीबी म्हणलो होतो."

जुलै 1987मध्ये भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली आणि मार्च 1990मध्ये परतली. जवळजवळ बाराशे जवान तेथे कामी आले. सुभेदार तेव्हा हवालदार होते आणि वावुनियाच्या बाजूला होते. जंगल, पाणथळ जागा, रात्रीची गस्त. आठवड्यातून एकदा रांग लावून प्रत्येकाच्या हातावर क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या ठेवल्या जात आणि नाव पुकारून वहीत खूण होई. "कडू जहर, साहेब. पोटात मळमळायचं. त्यात कुणी तरी उठवलं, की या गोळीनं माणूस बायकोजवळ जायच्या कामाचा राहत नाही. मग काय? गोळी जिभेखाली, पाण्याचा घोट वरून, अन् रांगेच्या मागं जाऊन थू! वहीत मात्र समदे शंभर टक्के."

पुढे दोन महिन्यांची रजा मिळाली. परतल्यावरही चार आठवडे गोळ्या घ्यायच्या म्हणून पुडी बांधून दिली होती. "घरी आल्यावर कशाचा मलेरिया?" असे म्हणून त्यांनी ती पेटीत टाकली. आठवड्याभरात थंडी वाजून ताप भरला. ते बरे झाले. महिन्याभराने चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली. तीही वाचली, पण जालन्याच्या दवाखान्यात दोन रात्री त्यांनी तिचे पाय चोळत काढल्या. "तिचा ताप माझ्यापासून आला का इथल्याच कुणाकडून, हे डॉक्टरबी सांगू शकले नाहीत. पण मला इचारायला डॉक्टर कशाला पाहिजे?"

त्यांची शंका निराधार नव्हती. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट 1897मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिले. तेही फौजेतलेच डॉक्टर. डास चावला की जंतू आधी यकृतात जाऊन बसतो आणि काही दिवसांनी रक्तात उतरतो. क्लोरोक्विन त्याला रक्तात गाठते, यकृतात नाही. म्हणून धोक्याचा मुलूख सोडल्यावरही महिनाभर गोळी चालू ठेवावी लागते. रेल्वेतून उतरलेला जवान सुट्टीवर असतो, त्याच्या यकृतातला जंतू नसतो. आणि त्याच्या रक्तावर पोसलेला गावचा डास दोनेक आठवड्यांनी शेजारच्या पाळण्यापर्यंत पोचू शकतो.

सुभेदारांची युक्ती जुनीच होती. दुसऱ्या महायुद्धात जपानने 1942मध्ये जावा घेतले आणि दोस्तांचे क्विनाईन तुटले, कारण जगातली बहुतेक सिंकोना साल तेथूनच येई. मग मेपाक्रिन नावाची गोळी आली. ती रोज घ्यायची. तिने कातडी पिवळी पडे. ती पुरुषत्व घालवते, ही अफवा तेव्हाही ब्रह्मदेशच्या आघाडीवर फिरत होती. या आघाडीवरच्या चौदाव्या सैन्यात मराठा पलटणीचे जवानही होते. 1943 साली तेथे एका जखमी सैनिकामागे 120 आजारी सैनिक मागे न्यावे लागत. जपान्यांच्या गोळीपेक्षा डासाची सोंड भारी ठरली होती.

सेनापती विल्यम स्लिम यांनी यावर केलेला उपाय बँकेतल्या माणसाला चटकन समजतो. त्यांनी वहीतल्या खुणांवर भरवसा ठेवला नाही. अचानक एखाद्या तुकडीवर जाऊन प्रत्येक जवानाच्या शरीरात औषध आहे की नाही, याची तपासणी करायची. प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या खाली आले तर जवानाला नव्हे, तुकडीच्या प्रमुखाला घरी पाठवायचे. तीन प्रमुख गेले आणि बाकीचे समजले. आजार हटवायचे निम्म्याहून अधिक काम डॉक्टरांचे नसून पलटणीतल्या अधिकाऱ्यांचे असते, असे स्लिम यांचे मत होते.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर 2003 सालचे लायबेरियाचे उदाहरण समोर येते. मन्रोव्हियात उतरलेल्या अमेरिकेच्या मरीन सैनिकांपैकी सुमारे ऐंशी जण थोड्याच दिवसांत मलेरियाने आडवे झाले. त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विनची गोळी दिलेली होती. रक्त तपासले तेव्हा औषध पुरेसे नव्हते. जगातल्या सर्वांत सुसज्ज फौजेतही जीभ आणि घसा यांच्यामधले दोन इंचांचे अंतर पार करणे अवघडच. अर्थात जवानाच्या प्रत्येक शंकेला अफवा म्हणणेही बरे नव्हे. मेफ्लोक्विनने काहींना भयाण स्वप्ने पडतात, मन बिघडते. 2013 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. खरी भीती आणि खोटी भीती जवानाला एकाच तोंडाने ऐकू येतात. त्या वेगळ्या करून सांगणारा वरिष्ठ नसेल, तर तो दोन्ही गोष्टी एकाच वेळी थुंकतो.

त्या दिवशी सुभेदारांचे ऐकताना मी अस्वस्थ झालो, त्याला आणखी एक कारण होते. माझ्या टेबलावर कर्जतपासणीची वही होती. विहिरीच्या कर्जाचा पुढचा हप्ता देण्याआधी शेतावर जाऊन खोदकाम पाहायचे, अशी पद्धत होती. त्या हंगामात पाऊस, चिखल आणि कामाचा रेटा सांगत मी काही नावांपुढे न जाताच 'पाहिले' लिहून सही केली होती. पुढे त्यांतल्या एका शेतात विहीर नव्हतीच, नुसता कमरेएवढा खड्डा होता. शेतकऱ्याने पैसे मुलीच्या लग्नात घातले होते. कर्ज मात्र डोक्यावर राहिले, आणि कोरडवाहू जमीनही. मी वेळेवर गेलो असतो तर त्याला अडवता आले असते. माझी सही म्हणजे जिभेखालची गोळीच होती.

मी उशीखालची पुडी काढली. सुभेदारांनी तांब्या पुढे केला. गिळल्यावर म्हणाले, "आ करा." मी केला. "जीभ वर करा." तीही केली. शाखेच्या अधिकाऱ्याला असे लहान पोरासारखे तपासणारा तो पहिलाच खातेदार.

श्रीलंकेला 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केले, तेव्हा मी त्यांना फोन करून सांगितले. त्यांना आनंद झाला. "चांगलं झालं. तिथल्या लोकांनी गोळी गिळली म्हणायची," एवढेच म्हणाले.

शेवटची भेट 2020च्या आरंभी झाली, राजूरच्या दर्शनाला गेलो तेव्हा. त्यांचा पुतण्या दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून नुकताच रजेवर आला होता. गोळ्या चालू होत्या. संध्याकाळी वाड्यात त्याची लहान मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळत होती. दिवेलागणीला सुभेदार काठी टेकत ओसरीवर आले. हातात पाण्याचा तांब्या होता.

"आज कितवी?"

"अकरावी, काका."

"आ कर."

तिशी ओलांडलेल्या, मिशा राखलेल्या त्या जवानाने मुलांच्या देखत निमूटपणे तोंड उघडले आणि जीभ वर केली.