रूपविकारी तारे व एक पारखी

प्रवेशपरीक्षेंत तीन वेळां अनुत्तीर्ण झालेल्या मुलाविषयीं आम्ही शिक्षक बहुधा एकच मत देतों कीं, ह्याच्या हातून विद्येची सेवा व्हावयाची नाहीं. परंतु जेसोर येथील राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) ह्यांची हकीकत वाचल्यापासून असें मत देतांना आमची जीभ अडखळते.

आज बांगलादेशांत असलेल्या ह्या गांवीं ते सरकारी खजिन्यांत नाणीं पारखीत. परीक्षेचें दार बंद झालें, तरी आकाशाचें दार उघडेंच होतें. १९१२ सालीं त्यांनीं पदरमोड करून ३ इंची दुर्बीण घेतली. जून १९१८ मध्यें गरुडमंडलांत एकाएकीं तेजस्वी झालेला तारा त्यांनीं स्वतंत्रपणें टिपला व तें वृत्त अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेस कळविलें. पुढें तेथील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकमंडळाचे ते सभासद झाले.

रूपविकारी तारा म्हणजे ज्याचें तेज कमीअधिक होतें असा तारा. तिमिंगलमंडलांतील मीरा साध्या डोळ्यांस दिसतो, मग लोपतो, व सुमारें ३३२ दिवसांनीं पुनः पूर्ण तेजास येतो. हें तेज मोजावयाचें कसें? शेजारचे स्थिर तेजाचे दोन तारे घ्यावे, एक किंचित् उजळ व दुसरा किंचित् मंद. आपला तारा त्यांपैकीं कोणाच्या किती जवळ आहे हें ताडून आंकडा, तारीख व वेळ लिहून ठेवावी. युक्ति सोपी आहे. कठीण आहे तें सातत्य. शेंकडों ताऱ्यांवर रोज दृष्टि ठेवण्यास मोठ्या वेधशाळांस सवड नसते. शिवाय अमेरिकेंत दिवस असतो तेव्हां जेसोरास रात्र असते. म्हणून ह्या हौशी माणसाच्या वहीस मोल आलें.

१९२६ सालीं मंडळानें त्यांजकडे ६ इंची दुर्बीण धाडली. १९५४ पर्यंत त्यांनीं सुमारें ३७,००० नोंदी पाठविल्या. पुढें ती दुर्बीण प्रसिद्ध ज्योतिर्विद वेणु बाप्पू ह्यांच्याकडे गेली.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेचा अभ्यास सोडा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु अपयश आलें म्हणून जिज्ञासा सोडूं नका. आणि पालकहो, रात्रीं वही घेऊन अंगणांत बसलेल्या मुलास रागें भरण्यापूर्वीं, तो काय लिहीत आहे तें एकदां पाहावें.