ट्रॉलीची मागची बाजू

लेखमाला : थंडीतला रस्ता – भाग तिसरा

धुक्यात दिवे कसे वापरावेत ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच धुक्यात आपल्या पुढे काय उभं असतं, त्याविषयी.

दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरचे रस्ते उसाने भरतात. तोड दिवसा चालते, ट्रॉल्या संध्याकाळी भरतात, त्यामुळे खेपा बऱ्याचदा रात्रीच निघतात. पहाटे नदीकाठी धुकं उतरतं, तेव्हा कारखान्याबाहेरची रांग कधी कधी हमरस्त्यापर्यंत आलेली असते.

मागून मोटारसायकल येते. ताशी ६० किलोमीटरने ती सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर हवेत. चाकांबरोबर आलेली शेतातली माती दवाने ओली झाली असेल, तर त्याहून जास्त. आणि वाळक्या पाल्याने झाकलेली बिनदिव्याची ट्रॉली इतक्या लांबून दिसतच नाही.

रिफ्लेक्टर इथे जीव वाचवतो. त्याला ना वायर लागते ना बॅटरी. आलेला उजेड तो आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून हेडलाइट पडताच शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकतो. पण त्यावर फडातला चिखल बसला की तो नसल्यातच जमा. टेललॅम्पवर वाढे लोंबत असतात. मागच्या ट्रॉलीची वायर वळणावर ओढली जाऊन तुटलेली असते, आणि हंगाम संपेपर्यंत तशीच राहते.

मालक निष्काळजी असतो असं मी म्हणणार नाही. ऑइल, हवा, हूक, पिन तो रोज बघतो, कारण त्यातलं काही बिघडलं तर खेप अडते. मागचा दिवा बंद असला तरी खेप काट्यावर पोचते, म्हणून तो राहून जातो. त्याची किंमत दुसऱ्याच घरातला कोणीतरी मोजतो. मोटार वाहन कायदा, १९८८ ने मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरला आहे. तेव्हा ट्रॉलीचीही नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरइतकाच मालकाच्या गळ्यातला आहे. बैलगाडीला दिवा नसतो, तिथे मागच्या फळीवर लाल पट्टी तरी हवीच.

पंक्चर झाल्यावर आपल्याकडे मागे दगड मांडतात. अंधारात दगड दिसत नाहीत, आणि टायर बदलून ट्रॅक्टर गेला तरी ते रस्त्यातच राहतात. लाल त्रिकोण ठेवा, तो निदान पन्नास पावलं मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ट्रॉली शक्य तितकी साइडपट्टीवर घ्या. टेप बंद करा, म्हणजे मागचा हॉर्न ऐकू येईल. आणि फड सोडण्याआधी ओल्या फडक्याने मागची पट्टी पुसा, वाढे छाटा, दिवा लावून मागे जाऊन स्वतः बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या भागात : ट्रॉलीचा विमा आणि अपघातानंतरचे कागद.